मराठी अक्षरांची मालकी

मराठी भाषा कोणाची, असें कोणीं विचारलें तर उत्तर देण्यास क्षणभरहि थांबावें लागत नाहीं. जे ती बोलतात त्यांची ती. परंतु मराठी अक्षर कोणाचें, हा प्रश्न तितका सोपा नाहीं. कारण अक्षर या शब्दानें आपण दोन निराळ्या वस्तूंचा बोध करून घेतों. एक वर्ण, 'क' हा वर्ण कोणाच्याहि मालकीचा नाहीं आणि होणारहि नाहीं. दुसरी वस्तु म्हणजे त्या वर्णाचें विशिष्ट वळण, जें कोणी कारागीर कोरतो, ओततो, किंवा आजच्या काळीं संगणकाच्या पडद्यावर रेखतो. या वळणाला मालक असतो, किंमत असते आणि अलीकडे परवानाहि असतो. या दुसऱ्या अक्षराचा सुमारें सव्वादोनशें वर्षांचा इतिहास श्रोत्यांपुढें थोडक्यांत मांडण्याचा आज विचार आहे.

हा विषय आमच्या जिल्ह्यापासून दूरचा आहे असें कोणीं समजूं नये. २०२३ सालीं उस्मानाबादचें नांव अधिकृतपणें धाराशिव झालें, आणि पाट्या, शिक्के, पत्रांचे मथळे हें सर्व नव्यानें लिहावें लागलें. त्या वेळीं ज्यांनीं बारकाईनें पाहिलें त्यांना एक गोष्ट दिसली असेल. पाटी रंगविणाऱ्याच्या संगणकावर 'धाराशिव' हें नांव एका वळणाचें; तेंच पत्र कचेरींतील संगणकावर दुसऱ्या वळणाचें; आणि खिशांतील मोबाइलवर उघडलें तर तिसऱ्याच वळणाचें. यांत यंत्राचा दोष नाहीं. एका यंत्रावर असलेलें वळण दुसऱ्यावर असतेंच असें नाहीं, आणि पुष्कळदां तें तेथें नेण्याची मुभाहि नसते. ही मुभा कोण देतो, आणि ती मागण्याची पाळी आपणांवर केव्हांपासून आली, हें समजण्यास मुळापासून आरंभ केला पाहिजे.

देवनागरी खिळ्यांनीं मराठी पुस्तक छापण्याचा उद्योग महाराष्ट्राबाहेर, बंगालमधील श्रीरामपूर येथें रुजला. चार्ल्स विल्किन्स यांनीं १७७८ सालीं हॅलहेडच्या बंगाली व्याकरणासाठीं बंगाली खिळे तयार केले होते. त्यांच्या हाताखालीं शिकलेले पंचानन कर्मकार हे पुढें श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यांत आले. त्यांनीं आणि त्यांचे जांवई मनोहर यांनीं अनेक भारतीय लिपींचे खिळे पाडले. विल्यम कॅरी यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं तेथेंच देवनागरी खिळ्यांत छापून निघालें; १८१० सालीं निघालेला त्यांचा मराठी कोश मात्र मोडी खिळ्यांत होता.

खिळा कसा होत असे हें येथें सांगणें अवश्य आहे, कारण मालकीचा सगळा न्याय त्या कृतींतच सांठविलेला होता. पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटें कोरावयाचें, त्यास ठसा म्हणत. ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकला कीं त्यांत अक्षराची खोलगट मातृका उमटे. मातृकेंत शिसें, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस ओतला कीं खिळा तयार होई. देवनागरीस काना, मात्रा, रफार आणि जोडाक्षरें यांमुळें कित्येक शें निरनिराळे खिळे लागत. एक संच पुरा होण्यास कारागिराच्या आयुष्यांतील वर्षें खर्ची पडत.

मुंबईंत अमेरिकन मिशनचें मराठी छापकाम १८१७ सालीं सुरू झालें. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं शिळाछापावर मराठी पंचांग काढलें, आणि पुढें खिळेहि स्वतः तयार करविले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम या कारागिरानें मराठी वळणास शोभतील असे सुबक ठसे कोरले. त्याच छापखान्यांत लहान वयांत कामास लागलेले जावजी दादाजी चौधरी यांनीं पुढें १८६४ सालीं खिळ्यांची ओतशाळा व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांच्या हातचे ठसे इतके रेखीव होते कीं निर्णयसागरचें वळण म्हणजेच चांगलें मराठी अक्षर, असें दोन-तीन पिढ्या मानीत आल्या. जावजी १८९२ सालीं वारले. परंतु त्यांच्या खिळ्यांनीं छापलेल्या पोथ्या आजहि मराठी घरांतून सांपडतात.

आतां या व्यवहारांत मालकी कशी वांटलेली होती तें पाहा. ठसा आणि मातृका ओतशाळेच्या. खिळा मात्र गिऱ्हाइकाचा. खिळे वजनावर विकले जात. छापखानेवाल्यानें पैसे मोजून खिळे घरीं आणले कीं ते सर्वस्वीं त्याचे. त्यांनीं पंचांग छापावें कीं लग्नपत्रिका, शंभर प्रती काढाव्या कीं दहा हजार, हें विचारण्यास ओतशाळेचा मनुष्य येत नसे. खिळे झिजले तर मोडींत घालावे, नको असल्यास दुसऱ्यास विकावे. मुलास वारसा म्हणूनहि ते देतां येत. ओतशाळेला भीति नव्हती. कारण एकच पेटी एकाच वेळीं तुळजापुरांत आणि परांड्यांत असूं शकत नसे. दुसऱ्या गांवीं छापखाना काढावयाचा तर दुसरी पेटी विकत घेणें भागच होतें. तात्पर्य, परवान्याचें काम धातूच करीत असे.

या व्यवस्थेलाहि चोरवाट होतीच. १९ व्या शतकाच्या मध्यास युरोप-अमेरिकेंत विजेच्या साह्यानें धातूचा थर चढविण्याची युक्ति निघाली. तिच्या बळावर दुसऱ्याचा खिळा विकत आणून त्यावरूनच नवी मातृका तयार करतां येऊं लागली. ज्यानें वर्षानुवर्षें डोळे शिणवून ठसे कोरले त्याचा माल दुसऱ्यानें चार दिवसांत उचलावा, ही तक्रार तेव्हांपासूनची आहे. फाँटचा परवाना ही आजच्या संगणकवाल्यांची खोडी नसून या जुन्या तक्रारीचेंच अपत्य आहे, हें लक्षांत ठेवावें.

पुढें ओळच्या ओळ ओतणारें लायनोटाइप यंत्र आलें. १९३० नंतरच्या दशकांत हरि गोविल यांच्या खटपटीनें तें देवनागरींतहि अवतरलें. या यंत्रानें एक नवीन गोष्ट घडली. त्याच्या मातृका त्याच बनावटीच्या यंत्रांत चालत. हातानें जुळविण्याच्या खिळ्यांना कोणताहि जुळारी आणि कोणतेंहि छापयंत्र चालत असे. आतां वळण आणि यंत्र यांची गांठ पडली. तरीहि छापून झालेला कागद स्वतंत्र होता. तो वाचावयास डोळे पुरेसे होते, यंत्राची गरज नव्हती.

आमच्या जिल्ह्यास या इतिहासांत उशिरां प्रवेश मिळाला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. संस्थानची राजभाषा उर्दू. आणि उर्दूचें नस्तालीक वळण खिळ्यांत बसविणें कठीण, म्हणून तें बहुतांशीं शिळाछापावर छापलें जाई. जुनें मराठी दप्तर मोडींत असे. देवनागरी खिळा येथील माणसाच्या दृष्टीस पडे तो मुख्यतः बाहेरून आलेल्या पंचांगांतून, पोथ्यांतून आणि शाळेच्या पुस्तकांतून. १९५६ सालीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्र राज्यांत आला, तेव्हां कारभाराची मराठी येथें जोर धरूं लागली. म्हणजे सरकारी कागद मराठींत वाचण्याचा हक्क मिळून येथें पुरतीं चाळीस वर्षें झालीं नाहींत तोंच संगणक दाराशीं आला.

संगणकावर मराठी आणण्याचे प्रयत्न १९८० नंतरच्या दशकांत झाले. पुण्याची सी-डॅक संस्था १९८८ सालीं स्थापन झाली. तिच्या 'जिस्ट' तंत्रानें भारतीय लिपि संगणकावर उमटूं लागल्या. भारतीय लिपींसाठीं 'इस्की' नांवाची संकेतपद्धति १९९१ सालीं भारतीय मानक म्हणून मान्य झाली. परंतु बाजारांत ज्या अनेक मराठी फाँटचा प्रसार झाला त्यांनीं आपापली निराळीच वहिवाट पाडली. त्यांची युक्ति अशी होती: संगणकाला इंग्लिश अक्षरेंच ठाऊक, म्हणून इंग्लिश अक्षराच्या आसनावर मराठी वळण बसवावयाचें. यंत्राच्या पोटांत इंग्लिश अक्षर. पडद्यावर मात्र मराठी. कोणत्या आसनावर कोणतें वळण बसवावें हें प्रत्येक कंपनीनें आपल्या मर्जीनें ठरविलें. नक्कल होऊं नये म्हणून कित्येकांनीं संगणकाच्या पाठीमागें खोंचावयाचें एक लहानसें कुलूप दिलें. तें नसेल तर काम चालत नसे.

येथें इतिहासांत प्रथमच विपरीत गोष्ट घडली. परवाना वळणाचा होता, परंतु त्यांत मजकूरहि अडकला. फाँट असेल तरच मजकूर मराठी. नसेल तर निरर्थक इंग्लिश अक्षरांचा ढीग. माझ्या नोकरीच्या काळांतील एक उदाहरण देतों. एका शाळेनें जुन्या विद्यार्थ्यांची नांवें, जन्मतारखा आणि दाखल्यांचे क्रमांक संगणकावर चढवून घेतले. काम नेटकें झालें होतें. कांहीं वर्षांनीं तें यंत्र बंद पडलें. फाइल नव्या यंत्रावर उघडली तों एकहि नांव वाचतां येईना. चौकशी करतां कळलें कीं फाँटचा परवाना जुन्या यंत्रापुरताच होता, कुलूप यंत्राबरोबर गेलें होतें, आणि नव्या यंत्रासाठीं नवी किंमत पडणार होती. कागदी रजिस्टर कपाटांत होतें म्हणून मुलांचे दाखले अडले नाहींत. ज्या शाळेनें विद्यार्थ्यांचीं नांवें स्वतः लिहिलीं तिला तीं वाचण्यासाठीं परवाना लागावा, ही गोष्ट जावजी दादाजींच्या काळांत कोणास स्वप्नांतहि खरी वाटली नसती.

या कोंडींतून सुटका केली ती युनिकोडनें. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या या जागतिक संकेतपद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा क्रमांक मिळाला. आतां 'ध' हा कोणा इंग्लिश अक्षराच्या आसनावर चोरून बसलेला पाहुणा राहिला नाहीं. मायक्रोसॉफ्टनें विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा देवनागरी फाँट दिला. तो रचणारे रघुनाथ कृष्ण जोशी हे मुंबईचे नामवंत सुलेखनकार व अध्यापक होते. वर्ण आणि वळण यांची फारकत झाली. म्हणूनच आज फाँट बदलला तरी मजकूर वाचतां येतो. फार तर रूप पालटतें. जिल्ह्याच्या नामांतरानंतर युनिकोडमधील कागदपत्रांत 'उस्मानाबाद' हें नांव यंत्रास क्षणांत शोधतां आलें. जुन्या पद्धतीच्या फाइलींत यंत्राला तें नांव नांव म्हणून ओळखतांच येत नाहीं.

परंतु वर्ण मोकळा झाला तरी वळण मोकळें झालें असें नाहीं. आपण 'फाँट विकत घेतला' असें म्हणतों तेव्हां खिळ्यांसारखी वस्तु विकत घेत नसतों. वापरण्याची परवानगी घेत असतों. अमेरिकेंतील न्यायालयानें १९७८ सालच्या एल्ट्रा विरुद्ध रिंगर या खटल्यांत अक्षराच्या नुसत्या वळणाला लेखाधिकार नाकारला. परंतु १९९८ सालच्या अ‍ॅडोबीच्या खटल्यांत तें वळण उमटविणाऱ्या संगणकीय आज्ञावलीला तो मान्य केला. आपल्याकडेहि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत संगणकीय आज्ञावली वाङ्मयीन कृतींत गणली आहे. ही आज्ञावली कशी वापरावी याच्या अटी मालक घालतो. किती यंत्रांवर ती बसवावी, ही पहिली अट. संकेतस्थळावर किंवा मोबाइलच्या अ‍ॅपमध्यें वापरावयाची तर बहुधा निराळा परवाना लागतो. फाँटच्या पोटांतच एक लहान कोष्टक असतें; तो दुसऱ्यास पाठविलेल्या दस्तऐवजांत गुंफतां येईल कीं नाहीं, आणि येत असल्यास केवळ वाचण्या-छापण्यापुरता कीं फेरफारासाठींहि, हें त्यांत नोंदलेलें असतें. विंडोजबरोबर आलेला मंगलसुद्धां त्या यंत्रापुरता. तो उचलून मोबाइलवर किंवा मित्राच्या दुसऱ्या प्रणालीच्या संगणकावर बसविण्याची मुभा त्यांत नाहीं. धातू गेला, तेव्हां धातूचें काम कागदावरील अटींना करावें लागलें, इतकाच याचा अर्थ.

याच सुमारास दुसरी एक वाट निघाली. २००५ सालीं एस.आय.एल. या संस्थेनें 'ओपन फाँट परवाना' प्रसिद्ध केला व २००७ सालीं त्याची सुधारलेली आवृत्ति काढली. त्याच्या अटी थोड्या आहेत. फाँट कितीहि यंत्रांवर बसवावा, वांटावा, पुस्तकांत किंवा अ‍ॅपमध्यें गुंफावा, त्यांत फेरफारहि करावा. मात्र नुसता फाँट विकूं नये. फेरफार केलेला फाँट त्याच परवान्याखालीं ठेवावा. आणि मूळ कर्त्यानें नांव राखून ठेवलें असल्यास तें नव्या रूपास देऊं नये. रेड हॅट कंपनीनें २००४ सालीं मोकळे केलेले लोहित फाँट २०११ सालीं या परवान्याखालीं आले. मुंबईच्या एक टाइप मंडळीचे मुक्त आणि बलू हे फाँट याच वाटेचे. महाराष्ट्र शासनाच्या राज्य मराठी विकास संस्थेनें यशोमुद्रा तयार करवून तो मोकळा केला. आणि त्याच्या पायावर मुंबईच्या आय.आय.टी.नें संस्कृत-मराठी ग्रंथांस उपयोगी असा शोभिका फाँट उभारला. एका ठशावरून दुसरा ठसा, आणि तोहि उघडपणें, मूळ कर्त्याचा उल्लेख करून. शतकापूर्वीं ज्याला चोरी म्हणत तेंच येथें रीतसर देणें झालें.

मराठीला या मोकळेपणाची विशेष गरज आहे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयानें मराठीची वर्णमाला ठरवितांना पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हीं आपलीं परंपरागत रूपें मानलीं. परंतु संगणकांत आयते येणारे अनेक फाँट हिंदी वळणाचे. ज्या फाँटचा परवाना फेरफारास मनाई करतो त्यांतील 'श' बदलण्याचा अधिकार ना शिक्षकाला, ना शासनाला. आमच्या जिल्ह्याच्या नांवांतच 'श' आहे. तो कोणत्या रूपानें लिहावा हें फळ्यावर गुरुजी सांगतील, परंतु पडद्यावर तें सांगण्याचा अधिकार परवान्यानें ठरतो.

तथापि सर्वच फाँट फुकट असावे असा हट्ट मीं धरीत नाहीं. राणोजींच्या ठशांना जसे श्रम पडले तसेच आजच्या फाँटकारासहि पडतात. जोडाक्षरें धरून शेंकडों आकृति त्याला रेखाव्या लागतात. त्याचा मोबदला बुडविणें म्हणजे खिळे चोरण्यासारखेंच आहे. एका यंत्राचा परवाना घेऊन तो दहा यंत्रांवर बसविणारी कचेरी स्वतःला काटकसरी समजत असेल, पण ती कारागिराची मजुरी खाते. वृत्तपत्रानें, जाहिरातदारानें, पुस्तकाच्या प्रकाशकानें आपलें खास वळण पैसे देऊन खुशाल घ्यावें. भेद करावयाचा तो एवढाच: जें वळण शोभेसाठीं आहे त्याला मालक असूं द्या, परंतु जन्माचा दाखला, सातबारा, शाळेची नोंद, ग्रामसभेचा ठराव हें ज्यांत लिहावयाचें तें अक्षर सार्वजनिक विहिरीसारखें असावें. तिचें पाणी भरण्यास दरवर्षीं नवा परवाना लागूं नये.

यासाठीं प्रत्येक शाळेनें व ग्रामपंचायतीनें मराठी फाँट घेतांना विचारून घ्यावें कीं तो किती यंत्रांवर चालेल, यंत्र बदलल्यास परवाना बदलतां येईल काय, दुसऱ्यास पाठविलेल्या दस्तऐवजांत तो गुंफतां येतो काय, आणि मजकूर युनिकोडांत राहतो काय. शेवटच्या प्रश्नाचें उत्तर नकारार्थी असेल तर बाकीचीं उत्तरें कितीहि गोड असोत, तो व्यवहार करूं नये.

आणि एक काम असें आहे कीं त्यास वेळ थोडा उरला आहे. १९९० ते २०१० या काळांत जुन्या पद्धतीच्या फाँटमध्यें लिहिलेल्या फाइली अजून कित्येक कपाटांत, जुन्या तबकड्यांत पडून आहेत. त्या युनिकोडांत बदलण्याचीं साधनें आज मिळतात; परंतु कोणती फाइल कोणत्या फाँटची हें ओळखणारीं माणसें निवृत्त होत चाललीं आहेत, आणि जुनीं यंत्रें व कुलुपें भंगारांत जात आहेत. मोडी वाचणारे कमी झाल्यावर दप्तरांची जी दशा झाली ती आपण पाहिली आहे. ती लिपि जाण्यास कित्येक पिढ्या लागल्या. या फाइली आपल्याच हयातींत मुक्या होतील. म्हणून ज्याच्या कपाटांत अशी तबकडी असेल त्यानें ती याच महिन्यांत बाहेर काढावी.